बाई मोकळी झाली, पण मन मोकळे झाले का?

अवघड बाळंतपणानंतर बसणारी भीती आणि ती टाळण्याचे उपाय

घरात मूल जन्माला आले की आपण पाहुण्यारावळ्यांना काय निरोप धाडतो? "बाई मोकळी झाली. दोघंही सुखरूप आहेत." मग पेढे वाटले जातात. पाचवी पुजली जाते, बारसे होते, घुगऱ्या वाटल्या जातात. बाळंतिणीला डिंकाचे लाडू आणि अळिवाची खीर मिळते. हे सगळे चांगलेच आहे.

पण बाळंतपण कसे झाले असे कुणी विचारले, तर घरातली मोठी माणसे एका वाक्यात सांगून टाकतात, "जरा अडली होती, पण झालं देवाच्या कृपेनं." ज्यांनी बाहेर बाकावर बसून वाट पाहिली, त्यांच्या दृष्टीने गोष्ट तेवढीच असते. जिने आत टेबलावर रात्र काढली, तिची गोष्ट तेवढ्यावर संपत नाही. तिचे शरीर मोकळे झाले, पण मन त्या रात्रीतच अडून राहिले. पुन्हा दिवस राहिले तर काय होईल, या विचारानेच तिच्या पोटात गोळा येतो.

या पत्रकात याच भीतीविषयी सांगायचे आहे. ही भीती का बसते, ती बसू नये म्हणून बाळंतपणाची सेवा कशी असली पाहिजे, आणि नवरा-बायकोने, आई-सासूने काय करावे, ते समजून घेऊ या. हे पत्रक नवरा-बायकोने मिळून वाचावे. एकाला वाचता येत नसेल तर दुसऱ्याने वाचून दाखवावे.

एका सुनेची गोष्ट

आम्ही आरोग्य शिक्षणासाठी गावोगाव हिंडतो. डोंगराकडेच्या एका गावात एक सून भेटली. तिचे नाव सांगत नाही, कारण अशा सुना गावोगाव आहेत.

तिचे पहिले बाळंतपण माहेरी होते. संध्याकाळी कळा सुरू झाल्या. कुणाला तरी बोलावून घरीच कळा वाढवायचे इंजेक्शन दिले. तरी सुटका होईना, म्हणून मध्यरात्री जीप करून दवाखाना गाठला. आई दाराबाहेर राहिली, ही एकटी आत गेली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ती तिथेच होती. काय चालले आहे, अजून किती वेळ लागेल, बाळ ठीक आहे का, हे तिला कुणी सांगितले नाही. ओरडली तर बोलणी बसली. पाणी मागितले तर मिळाले नाही. शेवटी कुणीतरी पोटावर जोर देऊन दाबले आणि मुलगी झाली. मुलगी धडधाकट होती. कागदावर लिहिले गेले, 'बाळ-बाळंतीण सुखरूप.'

कागद खोटा नव्हता, पण अर्धाच खरा होता. घरी आल्यावर तिला झोप लागेना. डोळा लागला की ते टेबल आणि तो वरचा दिवा दिसे. नवरा जवळ आला की ती अंग चोरी. त्याला वाटले, हिचे मन माझ्यावरून उडाले. सासूबाई म्हणत, "आम्ही नाही का चार-चार बाळंतपणं काढली?" कुणी म्हणाले बाहेरचे झाले आहे, अंगारा लावा.

आता पुढचे पाहा. पाळणा लांबवायचे साधन घ्यावे, तर पुन्हा दवाखाना आणि पुन्हा तपासणीचे टेबल. म्हणून ती उपकेंद्राच्या वाटेलाच जाईना. झाले काय, की जिला दिवस राहण्याची सगळ्यात जास्त धास्ती, तिलाच वर्षाच्या आत पुन्हा दिवस राहिले. पाचवा महिना लागेपर्यंत तिने कुणाला सांगितले नाही. एकही तपासणी झाली नाही. अंगातले रक्त कमी झाले, पायावर सूज आली.

अखेर आशाताईंच्या लक्षात आले. त्यांनी नर्सबाईंना घरी आणले. नर्सबाई रागावल्या नाहीत. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "बाई, मागच्या वेळी तुला सगळ्यात जास्त त्रास कशाचा झाला?"

ती म्हणाली, "कळांचा नाही हो. मी जगतेय का मरतेय, तेच कुणी सांगेना."

हे वाक्य आपण सर्वांनी ध्यानात ठेवावे. नवऱ्याने, सासूने, आणि आम्ही आरोग्य खात्यातल्या माणसांनीसुद्धा.

ही भीती म्हणजे नखरे नव्हेत

दुधाने तोंड पोळले की माणूस ताकही फुंकून पितो. मग जिचा जीव एकदा टांगणीला लागला, तिला पुढच्या बाळंतपणाची भीती वाटली तर त्यात नवल काय? ही भीती भित्रेपणा नव्हे, नखरे नव्हेत आणि बाहेरची बाधा तर मुळीच नव्हे. अंगावरची जखम दिसते म्हणून तिला आपण मलम लावतो. मनाची जखम दिसत नाही, एवढाच फरक.

या भीतीकडे दुर्लक्ष केले तर काय होते?

१. बाई पुढचे गरोदरपण लपवते, तपासण्या चुकतात.

२. दवाखाना टाळते. घरीच, नको त्या हातून बाळंतपण करून घ्यायला तयार होते.

३. गरज नसतानाही "सरळ पोट फाडूनच काढा" असा हट्ट धरते.

४. नवरा-बायकोत दुरावा येतो. कारण कुणी बोलत नाही, आणि गैरसमज वाढतो.

५. भीतीच्या भरात कायमची शस्त्रक्रिया करून घेते आणि पुढे पस्तावते.

एक गोष्ट अभिमानाने सांगता येते. १९९२-९३ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातली जेमतेम चौथा हिस्सा बाळंतपणे दवाखान्यात होत होती. २०१९-२१ च्या पाहणीत हे प्रमाण शंभरात ८८ च्या वर गेले, महाराष्ट्रात तर जवळजवळ ९५ झाले. बायका दवाखान्यापर्यंत आल्या. आता दवाखान्यात त्यांना कसे वागवले जाते, याला महत्त्व आहे. एकदा घाबरून परतलेली बाई दुसऱ्यांदा त्या पायऱ्या चढायला धजत नाही.

बाई अडते म्हणजे नेमके काय होते?

माहिती नसली की भीती दुप्पट होते. म्हणून हे थोडक्यात समजून घ्या.

बाळ बाहेर यायला गर्भपिशवीचे तोंड हळूहळू उघडावे लागते. ते पूर्ण उघडते तेव्हा सुमारे १० सेंटिमीटर होते. सुरुवातीच्या कळा सौम्य आणि अंतराने येतात. पहिलटकरणीला हा काळ कधी कधी एक दिवसाहूनही जास्त चालतो. पुष्कळ घरी पहिल्या कळेपासून घड्याळ लावतात आणि "बाई अडली, बाई अडली" असा घोर करतात. ते बरोबर नाही.

तोंड सुमारे ५ सेंटिमीटर उघडले की खऱ्या जोराच्या कळा सुरू होतात. तेथून पूर्ण उघडेपर्यंत पहिल्या खेपेला साधारण १२ तासांपर्यंत आणि पुढच्या खेपांना १० तासांपर्यंत वेळ लागू शकतो. पुष्कळांना याहून कमी लागतो. त्यानंतर बाळ बाहेर यायला पहिल्या खेपेला ३ तासांपर्यंत, पुढच्या खेपेला २ तासांपर्यंत वेळ लागू शकतो. याहून जास्त वेळ गेला, किंवा मध्येच बाळाचे ठोके बिघडले, रक्तस्राव झाला, ताप किंवा झटके आले, तर तातडीने डॉक्टरांची गरज असते.

बाळंतपण लांबण्याची कारणे साधी असतात. कळांना पुरेसा जोर नसतो, बाळाचे डोके सरळ उतरत नाही, बाळाच्या मानाने वाट अरुंद असते, किंवा आई दमून गेलेली असते. खूप घाबरल्यानेही अंग आखडते आणि कळांचा जोर ओसरू शकतो. यात बाईचा दोष कोणता? काही नाही. "काम केलं नाही म्हणून अडली", "ग्रहण पाळलं नाही म्हणून अडली", असे बोलून तिच्या दुःखावर डाग देऊ नका.

चांगली सेवा कशी असते?

बाळंतपण सुरक्षित हवे, हे तर झालेच. पण सुरक्षित म्हणजे केवळ जीव वाचणे नव्हे. बाईचा मानही वाचला पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली बाळंतपणाच्या सेवेविषयी ज्या शिफारशी केल्या, त्यांत आदराची वागणूक आणि बाईच्या मनासारखी सोबत या दोन्ही गोष्टी आहेत. आपल्या देशातही 'लक्ष्य' कार्यक्रम २०१७ साली याच हेतूने सुरू झाला. प्रसूतिगृह स्वच्छ असावे, आडोसा असावा, बाईशी नीट बोलावे, हे त्यात येते. २०१९ च्या 'सुमन' योजनेतही सन्मानाची सेवा हा बाईचा हक्क मानला आहे. तेव्हा पुढील गोष्टी म्हणजे कुणाचे उपकार नव्हेत.

१. सांगून-विचारून तपासणी. आतून तपासण्यापूर्वी "आता तपासते हं" असे सांगितले पाहिजे. खऱ्या कळा सुरू झाल्यावर आतली तपासणी साधारण दर चार तासांनी पुरते. जो येईल त्याने तपासायचे, असे नसते. बाळाचे ठोके मात्र पुन्हा पुन्हा ऐकावे लागतात.

२. तक्त्यावर नोंद. कळा, बाळाचे ठोके, पिशवीचे तोंड यांची नोंद नर्सबाई एका तक्त्यावर करतात. त्यावरून बाळंतपण पुढे सरकते आहे की थांबले आहे, हे वेळेवर कळते. "माझं कुठपर्यंत आलं?" असे विचारायला लाजू नका.

३. हिंडण्या-फिरण्याची मोकळीक. कळा येत असताना पाठीवर पडून राहण्याची सक्ती नसावी. उभे राहणे, चालणे, बसणे, कुशीवर वळणे याने आराम पडतो, आणि बाळंतपणाला मदतच होते. डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर पाणी, सरबत, पेज घेता येते.

४. आडोसा. पडदा लावलेला असावा. अंगावर पांघरूण असावे.

५. कमीत कमी काटछाट. खालची जागा प्रत्येकीची कापावी लागतेच असे नाही. गरज असेल तरच कापतात. टाके घालताना ती जागा बधीर केली पाहिजे. दुखत असेल तर तसे स्पष्ट सांगा.

६. गोड शब्द. याला औषध लागत नाही, खर्च लागत नाही. "घाबरू नकोस, बाळ छान आहे, मी इथेच आहे," एवढे शब्द बाईला जन्मभर आठवतात. टोचून बोललेला शब्दही तसाच जन्मभर आठवतो.

आता हेही मोकळेपणाने सांगितले पाहिजे. सगळीकडे अशी सेवा मिळते, असे नाही. कुठे माणसे कमी, कुठे खाटा कमी, आणि कुठे वागणूकच चुकीची. रात्रभर एकटी नर्सबाई चार-चार बाळंतपणे करते, तेव्हा तीही थकते. पण थकवा हे बाईचा अपमान करण्याचे कारण होऊ शकत नाही. वाईट वागणूक मिळाली तर वैद्यकीय अधिकाऱ्यांना सांगा, रुग्ण कल्याण समितीकडे लेखी द्या. तक्रार केल्याने सेवा सुधारते, आणि तुमच्यामागून येणाऱ्या बहिणीचे बाळंतपण सुखाचे होते.

या गोष्टी होऊ देऊ नका

घरी कळा वाढवायचे इंजेक्शन कुणाकडूनही घेऊ नका. त्याने कळा अचानक फार जोराने येऊन बाळ गुदमरू शकते, गर्भपिशवी फाटू शकते. हे औषध दवाखान्यात, बाळाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवूनच द्यायचे असते.

बाळ बाहेर काढण्यासाठी पोट दाबू देऊ नका, ते दवाखान्यात असो वा घरी. त्याने आईला आणि बाळाला इजा होऊ शकते.

पिशवीचे तोंड पूर्ण उघडण्याआधी "जोर कर, जोर कर" म्हणून बाईला दमवू नका.

सोबतीण हवी

पूर्वी घरी बाळंतपण होई तेव्हा आई, मावशी, सुईण उशाशी असत. त्यात धोके होते, पण बाई एकटी नव्हती. दवाखान्यात धोका कमी झाला, पण दार बंद झाले आणि बाई एकटी पडली. आता दोन्ही चांगल्या गोष्टी एकत्र आणता येतात.

२०१६ साली केंद्र सरकारने सरकारी दवाखान्यांत बाळंतपणाच्या वेळी बाईजवळ एक सोबतीण ठेवायला मान्यता दिली. सोबतीण स्वतः बाळंतपणातून गेलेली असावी. तिला संसर्गाचा आजार नसावा, कपडे स्वच्छ असावेत. तिने शेवटपर्यंत जवळ राहावे, डॉक्टर-नर्सच्या कामात अडथळा आणू नये आणि खोलीतल्या दुसऱ्या बाईच्या मध्ये पडू नये. जिथे पुरेसा आडोसा आहे, तिथे नवऱ्यालाही जवळ राहता येते.

तिने करायचे काय? हात धरावा. कंबर चोळावी. घोटभर पाणी द्यावे. कळ आली की "लांब श्वास घे, हळू सोड" म्हणावे. आणि घाबरवणाऱ्या गोष्टी सांगू नयेत. "माझ्या वेळी तर असं झालं होतं" ही कहाणी त्या दिवशी नको! निरनिराळ्या देशांत झालेल्या संशोधनात असे दिसले आहे की, सतत सोबत असलेल्या बाईचे बाळंतपण नैसर्गिक रीतीने होण्याची शक्यता वाढते, वेळ थोडा कमी लागतो, आणि बाईला त्या दिवसाची आठवण कमी जाचते.

सोबतीण कोण, हे बाईला विचारून ठरवा. तिला सासू हवी की आई, जाऊ हवी की मोठी बहीण, हे तिचे तिने सांगावे.

आधीपासून तयारी

पहिले बाळंतपण माहेरी करण्याची आपली रीत आहे. ती पाळा, पण माहेरी जाताना तपासणीचे कार्ड बरोबर न्या, आणि तिथल्या आशाताईंना जाताच भेटा.

गरोदरपणी कमीत कमी चार तपासण्या करा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. ही सोय २०१६ पासून आहे. मागचे बाळंतपण अवघड गेले असेल तर पहिल्याच भेटीत सांगा, आणि मागचा घरी जाताना मिळालेला कागद दाखवा. हा कागद शेतीच्या सात-बाऱ्याइतका जपून ठेवा. मागे काय अडले होते, ते त्यावरूनच कळते.

बाळंतपणाची खोली आधी एकदा जाऊन पाहा. अनोळखी जागेची भीती ओळखीने कमी होते.

गाडीची सोय आधी ठरवा. गरोदर बाईला दवाखान्यात नेण्या-आणण्यासाठी १०२ क्रमांकावर आणि तातडीच्या प्रसंगी १०८ क्रमांकावर मोफत गाडी मिळते. २०११ च्या जननी शिशू सुरक्षा कार्यक्रमाप्रमाणे सरकारी दवाखान्यात बाळंतपण, शस्त्रक्रिया, औषधे, तपासण्या आणि रक्त मोफत आहे. साध्या बाळंतपणाला ३ दिवस, शस्त्रक्रियेला ७ दिवस जेवणही मिळते. आदिवासी भागात काही प्राथमिक आरोग्य केंद्रांजवळ 'माहेरघर' आहे. पावसाळ्यात नदी-नाले अडवत असतील तर काही दिवस आधीच तिथे जाऊन राहता येते.

त्या सुनेचे पुढे काय झाले?

नर्सबाईंनी तिचे सगळे ऐकून घेतले. मागचे बाळंतपण का लांबले, ते कागद पाहून समजावले. पहिल्या खेपेपेक्षा दुसऱ्या खेपेला बहुधा वेळ कमी लागतो, हेही सांगितले. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या, रक्त वाढले. आठव्या महिन्यात तिला प्रसूतिगृह दाखवून आणले. सोबतीला तिने थोरल्या जावेला निवडले. कळा तेवढ्याच आल्या, बरं का! ती ओरडलीही. पण प्रत्येक वेळी काय चालले आहे ते तिला कळत होते, आणि हात धरायला जाऊ होती. मुलगा झाला. बाहेर आल्यावर ती जावेला म्हणाली, "ताई, या वेळी मी तिथं होते." म्हणजे मागच्या वेळी ती भीतीने स्वतःलाच हरवून बसली होती.

बाळंतपणानंतर: तिला बोलू द्या

घरी जाण्यापूर्वी नर्सबाईंना किंवा डॉक्टरांना जरूर विचारा, "बाळंतपण अवघड का झालं? पुन्हा तसंच होईल का? पुढच्या वेळी काय काळजी घ्यावी?" कारण कळले की अर्धी भीती तिथेच गळून पडते.

दवाखान्यात बाळंतपण झाल्यावर आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात. त्या वेळी बाळाबरोबर आईच्या मनाचीही चौकशी व्हावी. घरच्यांनी आशाताईंना आणि बाळंतिणीला चार घटका एकांत द्यावा.

पहिल्या आठवड्यात थोडे रडू येणे, चिडचिड होणे नेहमीचे आहे. पण दोन आठवडे उलटूनही पुढील खुणा दिसल्या तर आरोग्य केंद्रात दाखवा:

बाळ झोपले तरी तिला झोप येत नाही. भयंकर स्वप्ने पडतात. बाळंतपणाचा विषय निघाला की ती दचकते, घाम फुटतो. बाळाकडे पाहावेसे वाटत नाही. जेवण जात नाही. सारखे रडू येते.

स्वतःचे किंवा बाळाचे बरेवाईट करण्याचे विचार आले तर एक दिवसही थांबू नका. तिला एकटे ठेवू नका, लगेच दवाखान्यात न्या. मनाच्या त्रासासाठी 'टेलि-मानस' या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, आणि तो रात्रंदिवस चालू असतो. यात लाजायचे काही नाही.

पुढचे मूल कधी? विचाराने ठरवा, भीतीने नव्हे

बाळंतपणानंतर शरीर भरून यायला आणि मन सावरायला वेळ लागतो. म्हणून एका बाळंतपणानंतर निदान दोन वर्षे दिवस राहू देऊ नयेत. म्हणजे दोन मुलांत जवळजवळ तीन वर्षांचे अंतर पडते. पोटावर शस्त्रक्रिया झाली असेल तर हे अंतर अधिकच महत्त्वाचे.

भीती म्हणजे पाळणा लांबवण्याचे साधन नव्हे, हे त्या सुनेच्या गोष्टीवरून दिसले. साधन वेगळे असते, आणि ते शांतपणे निवडावे लागते. ज्या बहिणीला आतल्या तपासणीची धास्ती आहे, तिने तेवढ्यासाठी दवाखाना टाळू नये. निरोध, गोळ्या आणि इंजेक्शन यांसाठी सहसा आतून तपासावे लागत नाही.

निरोध: नवऱ्याने वापरायचे. बाळंतपणानंतर संबंध सुरू होताच वापरता येते.

छाया गोळी: पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर आठवड्यातून एकदा. अंगावर पाजणाऱ्या आईलाही चालते.

अंतरा इंजेक्शन: दर तीन महिन्यांनी. अंगावर पाजणाऱ्या आईला सहा आठवड्यांनंतर घेता येते. बंद केल्यावर पुन्हा दिवस राहायला काही महिने लागू शकतात.

तांबी: बाळंतपणानंतर ४८ तासांच्या आत किंवा सहा आठवड्यांनंतर बसवतात. प्रकाराप्रमाणे ५ किंवा १० वर्षे चालते, नको तेव्हा काढता येते. बाईला विचारल्याशिवाय बसवायची नाही.

अंगावर पाजत असताना दिवस राहत नाहीत, यावर डोळे झाकून विसंबू नका. बाळ सहा महिन्यांच्या आतले आहे, दिवसा-रात्री फक्त आईचेच दूध घेते आहे, आणि पाळी आलेली नाही, या तिन्ही गोष्टी असतील तरच तो भरवसा.

कुटुंब पूर्ण झाले असे दोघांनाही मनापासून वाटत असेल, तर कायमची शस्त्रक्रिया आहे. पुरुषाची बिनटाक्याची शस्त्रक्रिया बाईच्या शस्त्रक्रियेपेक्षा सोपी असते. तिने ताकद कमी होत नाही. मात्र नंतर तीन महिने दुसरे साधन वापरावे आणि मग तपासणी करून खात्री करावी. पण बाळंतपणाच्या भीतीच्या भरात, रडत-रडत असा निर्णय घेऊ नका. आधी मन शांत होऊ द्या.

घरधन्यांना चार शब्द

दादा, तुमची बायको जवळ येत नसेल तर रागावू नका. आधी विचारा, "त्या रात्री तुला काय झालं, मला सांगशील का?" ती सांगेल तेव्हा मध्ये बोलू नका. "आता झालं गेलं, विसर" असे म्हणू नका. ऐकणे हेच औषध आहे. तिची इच्छा होईपर्यंत थांबा, आणि पुन्हा सुरुवात कराल तेव्हा साधन वापरायची जबाबदारी तुमच्याकडे घ्या. तपासणीला तिच्याबरोबर जा. बैलाच्या दवाखान्यात आपण स्वतः जातो, मग बायकोबरोबर जायला कसला संकोच?

सासूबाईंनाही एक विनंती. तुम्ही सोसलेत, हे खरे. पण आपण सोसले म्हणून सुनेने सोसावे, यापेक्षा आपण सोसले ते तिच्या वाट्याला येऊ नये, यात मोठेपणा आहे.

काही शंका

"मागचे बाळंतपण अडले, म्हणजे पुढचेही अडणार का?"
तसे नाही. बाळाचे डोके तिरपे असणे किंवा कळांना जोर नसणे, ही कारणे दर वेळी असतातच असे नाही. मात्र बाळंतपण दवाखान्यातच करा.

"एकदा पोट फाडले की दर वेळी फाडावेच लागते का?"
नाही. पुष्कळ जणींचे पुढचे बाळंतपण नैसर्गिक होऊ शकते. पण ते शस्त्रक्रियेची सोय असलेल्या दवाखान्यातच, डॉक्टरांच्या सल्ल्याने व्हायला हवे.

"नको असताना दिवस राहिले तर?"
चोरून, अडाण्याच्या हातून काही करून घेऊ नका, जिवावर बेतेल. १९७१ च्या कायद्याप्रमाणे मान्यताप्राप्त केंद्रात सुरक्षित गर्भपात करता येतो. २०२१ साली या कायद्यात सुधारणाही झाली आहे. सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते. जितके लवकर जाल, तितके सोपे.

"मला मूल हवे आहे, पण बाळंतपणाची भीती वाटते. कुणाला सांगू?"
आशाताईंना सांगा, नर्सबाईंना सांगा, डॉक्टरांना सांगा. तुमची भीती ऐकून घेणे, हा आमच्या कामाचाच भाग आहे.

बंधू-भगिनींनो, बाळंतपण म्हणजे बाईचा दुसरा जन्म, असे आपल्याकडे म्हणतात. मग या दुसऱ्या जन्माच्या वेळी तिचा हात धरायला कुणीतरी नको का?

आज रात्री हे पत्रक बाजूला ठेवण्यापूर्वी नवऱ्याने बायकोला तो एक प्रश्न विचारावा, "तुला सगळ्यात जास्त त्रास कशाचा झाला?" आणि उत्तर ऐकून, पुढच्या भेटीत ते नर्सबाईंना सांगावे.

सोबत हवी, शब्द गोड हवा, दोन मुलांत अंतर हवे.
पाळणा लांबवा विचाराने, भीतीने नव्हे!